मध्यरात्रीची चिंता

रात्रीचे बारा वाजून गेले आणि मद्यपानास गेलेला पति परतला नाहीं, म्हणजे पत्नीचे कान जिन्याकडे लागतात. फार उशीर झाल्यास सोबत्यांकडे विचारपूस करून ११२ क्रमांकावर पोलिसांस कळवावें. पावलें वाजलीं कीं संकट टळलें असें तिला वाटतें. परंतु शेवटच्या प्याल्यानंतरहि पोटांतलें मद्य कांहीं काळ रक्तांत भिनतच असतें. काळ्या कॉफीनें तें उतरत नाहीं. यकृत आपल्या संथ गतीनेंच तें नाहींसें करतें. निजलेल्यास कुशीवर वळवावें, म्हणजे ओकारी श्वासनलिकेंत जाण्याचें भय कमी होतें. हांकेस ओ न देणें, श्वास अडखळणें, अंग गार पडणें हीं चिन्हें दिसतांच १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी. लोकलज्जेस्तव दार लावून बसल्यानें अब्रू राहील. माणूस राहीलच असें नाहीं.