जामसंड्याची पेटी आणि क्लाउडवरचा स्टॉक

आजचा विषय गोदामातला, आणि उदाहरण देवगडला लागून असलेल्या जामसंड्याचं.

समजा, तुम्ही इथून हापूसच्या पेट्या ऑनलाइन विकताय. पहिल्या वर्षी वहीत भागतं. मग वेबसाइट, व्हॉट्सॲप आणि फोन अशा तिन्हीकडून ऑर्डरी यायला लागतात. वहीत 40 पेट्या दिसतात, पण त्यातल्या किती आधीच कुणाला कबूल केल्यात, ते फक्त तुमच्या डोक्यात.

क्लाउडवर स्टॉक ठेवायचा म्हणजे हा आकडा इंटरनेटवरच्या सर्व्हरवर ठेवायचा. ऑर्डर घेणारा आणि गोदामात पेटीवरचा कोड स्कॅन करणारा, दोघांनाही एकच आकडा दिसतो. ऑर्डर आली की पेटी ‘राखीव’, गाडीत चढली की ‘गेली’.

खरी परीक्षा रेंज गेल्यावर! 40 पेट्या असताना दोन फोन ऑफलाइन झाले. एकावरून 2 पेट्या गेल्या, तो म्हणतो ‘38 उरल्या’. दुसऱ्यावरून 3 गेल्या, तो म्हणतो ‘37 उरल्या’. रेंज आल्यावर जो शेवटी बोलेल त्याचा आकडा राहतो, आणि दोन्ही चूक, कारण उरल्यात 35. म्हणून चांगलं ॲप ‘किती उरल्या’ हे पाठवतच नाही. ते ‘2 गेल्या’, ‘3 गेल्या’ अशा नोंदी पाठवतं; बेरीज-वजाबाकी सर्व्हर करतो. प्रत्येक नोंदीला वेगळा नंबर असतो, त्यामुळे तीच नोंद दोनदा पोचली तरी पेटी दोनदा वजा होत नाही.

आता आंब्याची अडचण बघा. मोबाइलचं कव्हर सहा महिने पडून राहिलं तरी कव्हरच राहतं. आंबा आढीत रोज बदलतो. त्यामुळे नुसती संख्या पुरत नाही. पेटीच्या नोंदीत बाग, तोडणीची तारीख आणि फळाचं वजन हवं. मग लांबच्या गावाला कडक फळ आणि जवळच्या गिऱ्हाइकाला तयार फळ, हे ॲपमध्ये बघून ठरवता येतं.

पण एक लक्षात ठेवा, ॲपला आपण सांगू तेच खरं वाटतं. बाहेरचा आंबा ‘देवगड’ म्हणून चढवला, तर स्क्रीनवर तो देवगडच! यावर जामसंड्याच्या देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने 2025 च्या हंगामात उपाय आणला: प्रत्येक फळावर टीपी सील यूआयडी स्टिकर. शेतकऱ्याला त्याच्या झाडांच्या हिशोबानेच स्टिकर मिळतात. कोडचा एक भाग वर, दुसरा स्टिकरखाली. गिऱ्हाइकाने स्टिकरचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा, मग खालचा भाग जुळवून बघायचा.

मला यातला झाडांचा हिशोब सगळ्यात आवडतो. झाडांच्या प्रमाणातच कोड, म्हणजे नसलेला माल नावावर खपवणं अवघड. गोदामातल्या ॲपचं कामही हेच आहे: जे नाही ते विकू न देणं.

तुम्ही असं ॲप घेणार असाल, तर पैसे भरण्याआधी एक करा. दोन फोन एअरप्लेन मोडवर टाका, दोन्हीवरून माल ‘पाठवा’, मग नेट चालू करा. आकडा बरोबर आला तरच पुढचं बोलणं.