जुन्या मिनी मोटारीच्या सांगाड्याची तपासणी
अलेक इसिगोनिस यांनी रचना केलेल्या मिनी या छोट्या ब्रिटिश मोटारीचे उत्पादन १९५९ ते २००० या काळात झाले. तिला स्वतंत्र चासी नाही. पत्र्याची बॉडी हाच सांगाडा असून तिला पुढे व मागे एकेक सबफ्रेम जोडलेली असते. त्यामुळे पत्र्याचा गंज थेट मोटारीच्या बळकटीवर परिणाम करतो.

ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकले जाते. मीठमिश्रित चिखल मागील सबफ्रेममध्ये व दारांखालच्या पोकळ पट्ट्यांत साचतो आणि पत्रा आतून गंजतो. बाहेरचा रंग मात्र शाबूत दिसू शकतो. म्हणून मोटार भक्कम स्टँडवर ठेवून, चिखल काढून हे भाग हलकेच ठोकून पाहतात. बद आवाज किंवा दबणारा पत्रा गंज दर्शवतो. सबफ्रेमचे जोड व वेल्डिंगच्या कडा तड्यांसाठी तपासतात.

ब्रिटनमधील वार्षिक ‘एमओटी’ तपासणीत सस्पेन्शन, स्टिअरिंग अशा भागांच्या जोडांपासून ३० सेंटिमीटरच्या आत सांगाडा गंजाने फार कमकुवत झालेला आढळल्यास मोटार अनुत्तीर्ण ठरते. २०१८ पासून ४० वर्षांहून जुन्या, मोठे फेरबदल न झालेल्या मोटारींना या तपासणीतून सूट आहे. तथापि मोटार सुस्थितीत ठेवण्याची कायदेशीर जबाबदारी कायम असल्याने अशा मोटारींसाठी ही पाहणी अधिकच महत्त्वाची ठरते.