सायकलवरून नर्मदा परिक्रमा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

कार्तिकी एकादशी उलटली की ओंकारेश्वरच्या घाटावर 'नर्मदे हर'चा गजर वाढतो. चातुर्मासात थांबलेली परिक्रमा पुन्हा सुरू होते आणि त्या गर्दीत जागोजागी मराठी कानावर पडतं. गोनीदांची 'कुणा एकाची भ्रमणगाथा' किंवा जगन्नाथ कुंटे यांचं 'नर्मदे हर हर' वाचून आपल्याकडच्या अनेकांना नर्मदेची ओढ लागली. आता त्यांच्यात सायकलवालेही दिसू लागले आहेत. सोबत टूर कंपनी नाही, मागून गाडी नाही. रस्ता, मुक्काम, दुरुस्ती सगळं आपलं आपणच पाहायचं. हे नक्की जमण्यासारखं आहे. मात्र पायी परिक्रमेच्या ऐकीव माहितीवर सायकलचा बेत आखला, तर तो लवकरच कोलमडतो. त्यासाठी काही समजुती निघण्यापूर्वीच तपासून घ्यायला हव्यात.

गैरसमज 1 : नदीच्या काठाकाठाने रस्ता आहे.

वस्तुस्थिती : काठाने आहे ती पायवाट, आणि तीही सलग नाही. बरगी, इंदिरा सागर, ओंकारेश्वर, सरदार सरोवर या धरणांनी जुना मार्ग ठिकठिकाणी गिळला आहे. इंदिरा सागरच्या पाण्यासाठी 2004 मध्ये हरसूद हे अख्खं गाव उठवावं लागलं. सरदार सरोवराची पूर्ण पातळी 138.68 मीटर आहे. ते भरलं की पाण्याचा फुगवटा 200 किलोमीटरहून जास्त मागे जातो. दक्षिण तटावर बडवानीच्या पुढे सातपुड्याचे डोंगर आणि शूलपाणीची झाडी लागते. पायी जाणारे तिथून जातात. सायकलवाल्याला खेतिया, शहादा, प्रकाशा, राजपीपला असा मोठा वळसा घ्यावा लागतो. प्रकाशाला पोचलात की समोर दिसते ती तापी! नर्मदा तेव्हा डोंगरापलीकडे राहिलेली असते. हे आधी माहीत असलं, की वाट चुकल्याची धास्ती वाटत नाही.

गैरसमज 2 : नदी 1,312 किलोमीटर, म्हणजे परिक्रमा त्याच्या दुप्पट.

वस्तुस्थिती : दुप्पट केल्यावर 2,624 येतात, पण रस्ता नदीच्या मापाने जात नाही. वळसे धरून सायकलसाठी 3,000 किलोमीटरचा हिशेब ठेवावा. सामानासह दिवसाला 75 किलोमीटर धरले तर 40 दिवस होतात. आठवड्याला एक विश्रांतीचा दिवस आणि अडीअडचणीसाठी तीन-चार दिवस मिळवले, की प्रवास दीड महिन्यावर जातो. महिन्याच्या रजेत हे बसवायचा हट्ट धरू नये. वेळ कमी असेल तर एकाच तटावरचा एक टप्पा निवांत करावा.

गैरसमज 3 : समुद्राकडे जाताना सगळा उतारच असतो.

वस्तुस्थिती : नर्मदेच्या 41 उपनद्या मोजल्या जातात. त्यांतल्या 22 सातपुड्याच्या बाजूने येतात. प्रत्येक उपनदीपाशी रस्ता खाली उतरतो आणि पूल ओलांडून पुन्हा वर चढतो. दिवसभरात असे अनेक छोटे चढ झाले की ते पायांत साठतात. मोठा चढ उत्तर तटावर, तोही उत्तरार्धात येतो. जबलपूर साधारण 400 मीटर उंचीवर आहे आणि अमरकंटक 1,057 मीटरवर. या टप्प्यात रोजचं अंतर 50 किलोमीटरवर आणावं.

गैरसमज 4 : मोबाईलमधला नकाशा दाखवेल तसं जायचं.

वस्तुस्थिती : परिक्रमेत नर्मदा कायम उजव्या हाताला ठेवायची आणि ती ओलांडायची नाही. नकाशाच्या अ‍ॅपला हा नियम माहीत नसतो. जवळचा रस्ता पलीकडून असेल तर ते सरळ पुलावर नेतं. निमाडात दक्षिण तटावरून जाताना महेश्वर अगदी समोर असतं, पण अहिल्याबाईंच्या घाटावर बसायचं ते दोन-अडीच आठवड्यांनी, उत्तर तटावरून परतताना. म्हणून रोज सकाळी शेवटचं ठिकाण एकदम टाकू नका. त्याच तटावरची तीन-चार गावं एकामागून एक टाका आणि वाटेत पूल येतो का ते पाहा.

तट बदलायचा तो समुद्रसंगमापाशी; तिथे विमलेश्वरहून मिठी तलाईला नावेने जातात. नाव भरतीच्या वेळेवर सुटते. सायकल घेतात का, हे तिथल्या नाववाल्यांना आधीच विचारा आणि एक दिवस हाताशी ठेवा.

गैरसमज 5 : जेवण आणि मुक्काम सगळीकडे फुकट मिळतो.

वस्तुस्थिती : नर्मदाकाठची सेवा खरी आहे, तिला तोड नाही. पण आश्रम आणि अन्नक्षेत्रं मुख्यतः पायी वाटेवर आहेत. सदावर्त म्हणजे बहुधा कोरडा शिधा. तो स्वतः शिजवायचा असतो. तुमचा रस्ता काठापासून 20-30 किलोमीटर आत असेल, तेव्हा ढाबा आणि लॉजचाच आधार. त्यासाठी पैसे धरूनच निघावं, आणि आश्रमात राहिलात तर यथाशक्ती काही ठेवावं. तिथे पायी आलेल्याला आधी जागा द्यावी.

गैरसमज 6 : महागडी सायकल असली की काळजी नाही.

वस्तुस्थिती : तालुक्याच्या बाजारात ज्याची ट्यूब आणि टायर मिळतो, ती सायकल चांगली. पंक्चर तर होणारच, बाभळीचे काटे रस्ताभर असतात. घाईत ट्यूब बदलून हवा भरली आणि दोनशे मीटरवर पुन्हा बसली, असं नवख्यांचं हमखास होतं. कारण काटा टायरमध्येच राहिलेला असतो. ट्यूब काढल्यावर टायरच्या आतून हळूहळू बोट फिरवा. टोचेल तिथे काटा आहे. तो बाहेरून दिसत नाही, आतून दाबून काढावा लागतो. मगच नवी ट्यूब घाला. दोन ट्यूब, पंप, ब्रेकची वायर आणि चेनची जोडकडी जवळ हवीच.

गैरसमज 7 : वाटेत लुटतात.

वस्तुस्थिती : ही भीती शूलपाणीच्या झाडीतल्या जुन्या अनुभवांतून आली आहे आणि सायकलचा रस्ता तिकडून जातच नाही. खरा धोका अंधार आणि अवजड वाहनं यांचा आहे. डिसेंबरात सूर्य साडेपाच-पावणेसहाला मावळतो. उजाडताच निघा, पाचच्या आत मुक्कामाला लागा आणि मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा.

निघण्याआधी एक करा. पूर्ण सामान लादून, सलग तीन दिवस, रोज 60 किलोमीटर सायकल चालवा. चौथ्या दिवशी सकाळी गुडघे आणि पाठ काय म्हणतात, ते ऐका. ही चाचणी पावसाळा सरताच उरकली, तर कार्तिकी एकादशीला घाटावर उभं राहाल तेव्हा मनात शंका उरणार नाही. नर्मदे हर!