आधी काकडा, मग पंप

घरोघरी गॅस पोचण्याआधी मराठवाड्यातल्या भोकरसारख्या तालुक्याच्या गावात विस्तव दोन तऱ्हेचा असे. भाकरी चुलीवर, आणि अवेळी पाहुणा आला तर चहा स्टोवर. पितळी टाकी, तीन पाय, वर बर्नर, बाजूला पंप. चूल फुंकत धूर खाणाऱ्या बायकांचे कष्ट या यंत्रानं किती हलके केले, हे त्यांनाच ठाऊक. नांदेड-लातूरला शिकायला निघालेल्या पोरांच्या सामानातही वळकटी आणि ट्रंकेबरोबर स्टो असायचाच.

या घडणीचं मूळ स्वीडनमधलं. स्टॉकहोमच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांनी १८९२ च्या सुमारास बिनकाजळीचा स्टो तयार केला आणि तो ‘प्रायमस’ नावानं जगभर गेला. १९११ साली दक्षिण ध्रुवावर पोचलेल्या अमुंडसेन यांच्या तुकडीकडे तो होता. २९ मे १९५३ च्या पहाटे, एव्हरेस्टच्या शेवटच्या तळावर, हिलरी यांनी गोठून लाकूड झालेले बूट प्रायमसवरच मऊ केले.

यंत्राचं मर्म एकच आहे. रॉकेल जळत नाही, त्याची वाफ जळते. पंपाच्या हवेनं टाकीतलं रॉकेल वर ढकललं जातं, तापलेल्या बर्नरच्या नळ्यांत त्याची वाफ होते, निपलच्या सुईएवढ्या भोकातून ती जोरात सुटते आणि सोबत हवा ओढून घेत निळी जळते. तो भर्रर्र आवाज या सुटणाऱ्या वाफेचा. स्टोचे सगळे नियम इथूनच निघतात.

भरण्यापासून पाहू. स्टो विझलेला आणि पुरता गार असला पाहिजे, हवेची चावी सोडलेली असली पाहिजे. तापलेल्या टाकीचं झाकण उघडलं तर दाबाखालची वाफ आणि रॉकेल फवारून बाहेर येतं, आणि शेजारी चूल किंवा चिमणी जळत असेल तर पुढचं सांगायला नको. नरसाळ्याला जाळी हवी, कारण कचरा गेला की निपल तुंबतं. टाकी काठोकाठ भरायची नाही. वरचा पाव भाग हवेसाठी मोकळा ठेवायचा, कारण दाब धरते ती हवाच. सांडलेलं पुसून, ते फडकं लांब टाकून, मगच काडी ओढायची.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे दुप्पट जपायला हवं. रॉकेलवरची वाफ ठिणगीनं पेट घेऊ लागते ते तापमान भारतीय मानकानुसार किमान ३५ अंश सेल्सियस असावं लागतं. मराठवाड्यात मे महिन्यात पारा सहज चाळिशी ओलांडतो. म्हणजे पत्र्याच्या खोलीतला रॉकेलचा डबा त्या हद्दीच्या पलीकडे असू शकतो. पेट्रोलची तर गोष्टच वेगळी. ते उणे ४० अंशांच्या आसपासही पेटू शकतं. रॉकेलच्या स्टोत पेट्रोलचा थेंबही जाता कामा नये.

आता पेटवणं. चावी उघडीच ठेवायची. रॉकेलात किंवा स्पिरिटात बुडवलेला काकडा बर्नरच्या बुडाशी लावून पेटवायचा आणि थांबायचं. इथंच माणसाचा धीर सुटतो. काकडा विझत आला की चावी बंद करून दोन-चार पंप मारायचे. निळी ज्योत स्थिरावली की मग आणखी. घाई केली तर नळ्यांत वाफ होत नाही, कच्चं रॉकेलच वर उडतं आणि पिवळा भडका छताकडे झेपावतो. अशा वेळी पाणी ओतायचं नाही, स्टो उचलून पळायचंही नाही. हाताला आच न लागता पोचता आलं तर चावी सोडायची. दाब गेला की ज्योत बसते. नाही तर ओलं पोतं टाकायचं.

पंप नुसताच वरखाली होऊ लागला तर दोष बहुधा कातडी वायसरचा. गोडेतेलाच्या थेंबानं तो मऊ होतो. तुंबलेलं निपल साफ करायची पिन मात्र नेमक्या मापाचीच हवी. जाड पिनेनं भोक मोठं झालं की ज्योत पिवळी पडते, भांडी काजळतात. स्टो दुरुस्त करणाऱ्याकडे हे सगळं सुटं सामान मिळे. लग्नातल्या गॅसबत्त्याही तोच बघायचा, कारण पंप आणि वाफेचं तत्त्व दोन्हीकडे एकच.

या यंत्राच्या माथी एक फार मोठा खोटा आळही आला. ‘स्टोचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’ ही बातमी एके काळी वर्तमानपत्रांत वारंवार येई. त्यांतले काही खरे अपघात होते: नायलॉनचा पदर, घाई, गळकी टाकी. पण हुंड्यासाठी जाळलेल्या मुलींचा दोषही स्टोवरच ढकलला गेला. भडक्याची आच सहसा समोरून, हात, तोंड आणि पदराला लागते. डोक्यापासून पायापर्यंत रॉकेलनं भिजलेलं अंग स्टोच्या भडक्यानं होत नाही. १९८३ साली भारतीय दंड संहितेत विवाहितेच्या छळाविरुद्धचं कलम ४९८-अ आलं, १९८६ साली हुंडाबळीचं ३०४-ब. तोवर किती स्टोपुढच्या मरणांची चौकशी नुसत्या ‘स्टो उडाला’ या दोन शब्दांवर मिटली असेल, या विचारानं आजही संताप येतो.

२०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, रेशनचं निळं रॉकेल आटत गेलं आणि पितळी टाक्या मोडीच्या भावानं गेल्या. हिमालयात उंचावर जाणारे मात्र द्रव इंधनाचा स्टो अजून पाठीवर नेतात, कारण कडाक्याच्या थंडीत गॅसच्या डब्याचा जोर मंदावतो. तिथंही तो गार झाल्यावरच भरतात, आणि बर्नर तापवल्याशिवाय इंधन पूर्ण सोडत नाहीत.