परांची: पाया, बांधणी आणि तपासणी

उंचावरच्या कामासाठी बांबू किंवा लोखंडी पाइप उभारून जो तात्पुरता सांगाडा बांधतात, ती परांची. पालघर-बोईसर पट्ट्यात ती दोन रूपांत दिसते. नव्या इमारतींना गिलाव्यासाठी आणि रंगासाठी काथ्याने आवळलेल्या बांबूंची परांची लागते. तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या रासायनिक कारखान्यांत रिअ‍ॅक्टर आणि पाइपरॅकभोवती, विशेषतः शटडाउनच्या काळात, क्लॅम्पची किंवा कपलॉकची लोखंडी परांची चढते. दोन्हींची मजबुती पाया, भिंतीशी असलेला बंध आणि नियमित तपासणी यांवर ठरते. इथली भरावाची जमीन, पावसाळा आणि खारी हवा नेमका यांवरच घाव घालते.

पायापासून पाहू. परांचीच्या उभ्या पाइपाचा व्यास साधारण 48 मिलिमीटर असतो. तो थेट मातीवर टेकवला, तर मजल्यांचा सगळा भार तेवढ्याशा जागेवर येतो आणि पाइप रुतत जातो. एक पाय खचला की त्याचा भार शेजारच्या पायांवर जातो आणि सांगाडा कलतो. म्हणून प्रत्येक पाइपाखाली बेसप्लेट आणि तिच्याखाली किमान दोन पायांना पुरेल अशी जाड फळी हवी. विटा, ब्लॉक किंवा दगडांचे तुकडे कधीही चालत नाहीत. भातखाचरावर भराव टाकून तयार केलेली जमीन आधी ठोकून घट्ट करावी लागते. पावसाचे पाणी पायाखालून वाहू नये म्हणून बाजूला चर काढावा लागतो.

उभे पाइप ओळंब्यात असावेत आणि तिरके आधार खालपासून वरपर्यंत असावेत. सुट्या उभ्या परांचीची उंची तळाच्या अरुंद बाजूच्या सुमारे चौपटीहून वाढू लागली, की ती पक्क्या बांधकामाला जखडावीच लागते. धूळ अडवणारी हिरवी जाळी लावली असेल तर बंध आणखी वाढवावे लागतात, कारण वाऱ्यात ती जाळी शिडासारखी फुगते. खिडकीचे गज, सांडपाण्याचा पाइप किंवा कारखान्यातली रसायनवाहिनी यांना बंध घालू नयेत. कच्चे काँक्रीटही भरवशाचे नसते. 27 एप्रिल 1978 रोजी अमेरिकेतील विलो आयलंड येथे कूलिंग टॉवर बांधताना आदल्या दिवशी ओतलेले, पुरेसे घट्ट न झालेले काँक्रीट सुटले. त्याला धरून असलेली परांची कोसळली आणि 51 कामगार मरण पावले.

काम करायच्या मजल्यावर फळ्या सलग, फट न ठेवता घालतात आणि दोन्ही टोकांना बांधतात. उघड्या बाजूला सुमारे मीटरभर उंचीचा कठडा, त्याच्या मधोमध दुसरा आडवा पाइप आणि फळीलगत 15 सेंटिमीटर उंचीची पट्टी लागते. ही पट्टी नसेल तर पायाने सरकलेला पाना खालच्या माणसाच्या डोक्यात पडू शकतो. चढण्यासाठी शिडी हवी. तिरक्या आधारांवर पाय देऊन चढणे धोक्याचे असते. टेकवलेली शिडी दर चार मीटर उंचीला तळाशी एक मीटर बाहेर असावी आणि मजल्याच्या वर मीटरभर निघालेली असावी.

वापरताना विटा-मालाचे ढीग एका जागी रचू नयेत आणि अडथळा होतो म्हणून आधार सोडू नये. विजेच्या तारा जवळ असतील तर प्रवाह बंद करून घेतल्याशिवाय बांधणी करू नये. कंबरपट्टा पुरेसा नसतो. पूर्ण अंगाचा हार्नेस घालून त्याचा हुक डोक्याच्या वर, भक्कम आधारात अडकवायचा असतो. रासायनिक कारखान्यात वायूगळती झाल्यास पटकन उतरण्यासाठी दुसरी वाटही मोकळी ठेवावी लागते.

खारी हवा आणि आम्लाची वाफ पाइप व क्लॅम्प आतून-बाहेरून खातात. क्लॅम्पचे आटे झिजले, की नट घट्ट दिसूनही पकड घेत नाही. बांबूत भुंग्याची छिद्रे, उभी चीर किंवा कुजलेला काथ्या शोधावा लागतो. वापर सुरू होण्यापूर्वी, त्यानंतर ठरावीक दिवसांनी, कोणताही बदल केल्यावर आणि वादळी वारा-पावसानंतर जबाबदार माणसाने परांची तपासायची असते. योग्य ठरल्यास हिरवा टॅग आणि अपुरी असल्यास लाल, ही कारखान्यांतली पद्धत बांधकामांवरही सहज पाळता येईल.

उतरवण्याचे काम वरून खाली होते. जो मजला सुटतो तेवढ्याचेच बंध काढायचे आणि पाइप खाली न फेकता दोराने सोडायचे.

बांधकाम कामगारांसाठी 1996 चा केंद्रीय कायदा, 1998 चे केंद्रीय नियम आणि 2007 चे महाराष्ट्राचे नियम झाले. 1948 च्या कारखाना कायद्यातही पडण्याचा धोका असलेल्या उंचीवर संरक्षण देण्याचे बंधन होते. हे दोन्ही कायदे 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत एकत्र करण्यात आले. परांचीसाठी आयएस 3696 हे भारतीय मानक आहे. ठेकेदार आणि मालक या दोघांनीही लक्षात ठेवायला हवे की परांचीवर चढणारा बहुतेकदा रोजंदारीवरचा, परगावचा माणूस असतो. सूचना त्याला समजेल अशा भाषेत दिल्या पाहिजेत आणि टॅग नसलेल्या परांचीवर चढायला नकार दिला म्हणून त्याची हजेरी कापली जाता कामा नये.