सायकल सोडू नका, सीट बदला!

परवा भिशीला आम्ही अकरा जणी जमलो होतो. बोलता बोलता कुणीतरी एकीला विचारलं, "अगं, मोठ्या हौसेनं सायकल घेतली होतीस ना? मग हल्ली बाहेर काढत नाहीस ती?" ती बिचारी नुसतीच हसली. म्हणाली, "नाही जमत गं आता. वय झालं." वय किती, तर बेचाळीस! नंतर चहाचे कप विसळायला आम्ही दोघीच ओट्याशी उभ्या होतो, तेव्हा हळूच म्हणाली, "खरं सांगू का? त्या सीटवर बसवतच नाही. अर्ध्या तासात असं काही दुखतं, की दुसऱ्या दिवशी खुर्चीवरसुद्धा तिरकं बसावं लागतं. आणि हे सांगायचं तरी कुणाला?"

मैत्रिणींनो, तिचं बोलणं ऐकलं आणि मला माझेच दोन वर्षांपूर्वीचे दिवस आठवले.

लेक नोकरीसाठी बंगळूरला गेली आणि तिची रोड सायकल गॅलरीत जुनी चादर पांघरून उभी राहिली. रोड सायकल म्हणजे ती हलकी, बारीक टायरची आणि वाकड्या हँडलची. हे म्हणाले, "विकून टाकू." माझ्या ते जिवावर आलं. शाळेत असताना मीही रोज सायकलनंच जात होते. शिवाय आम्हा मायलेकींची उंची सारखी. म्हटलं, बघू तर खरं! सकाळी दूध आणायच्या वेळेला मी सायकल काढायला लागले. सुटलेला वारा, रिकामा रस्ता, घरातलं कुणी हाक मारत नाही असा तो अर्धा तास! काय सांगू तुम्हाला, दिवस सोन्याचा जायचा.

पण आठवडाभरातच दुखायला लागलं. नुसतं दुखणं नव्हे, तर मुंग्या येऊन सगळं बधिर व्हायचं. धीर करून दुकानात गेले. तिथल्या मुलानं माझ्याकडे न बघताच जेलचं एक जाडजूड कव्हर पुढे केलं. "काकू, हे घाला. एकदम सोफ्यासारखं वाटेल." पहिली दहा मिनिटं खरंच सोफ्यासारखं वाटलं. अर्ध्या तासानं पहिल्यापेक्षा जास्त बधिर झालं! मग मी सायकल सोडली. तीन महिने तिच्या हँडलवर पंचे वाळत होते.

शेवटी दुसऱ्याच कारणासाठी आमच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. "व्यायाम काय करता?" असं त्यांनी विचारलं, आणि मी भडाभडा सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "अहो, दोष तुमच्यात नाही, सीटमध्ये आहे. ब्लाउज शिवायला टाकताना माप देता ना? मग सीट घेताना का नाही दिलंत?"

मऊ सीट का टोचते?

लाकडी खुर्चीवर बसा आणि दोन्ही तळवे खाली घालून बघा. दोन टणक उंचवटे हाताला लागतील. ही आपली बैठकीची हाडं. बसल्यावर शरीराचा भार यांनी पेलायचा असतो. त्यांच्या मधला आणि पुढचा भाग नाजूक असतो. तिथून नसा आणि रक्तवाहिन्या जातात. भार हाडांवर राहिला की त्रास नाही, तो नाजूक भागावर गेला की मुंग्या, बधिरपणा आणि सूज.

आपल्या आज्या तासन्‌तास पाटावर बसून पोळ्या लाटायच्या. पाट काही मऊ नसतो, पण हाडांना पक्का आधार देतो. याउलट जाड, लुसलुशीत सीटवर हाडं खाली रुततात आणि मधला फुगवटा नेमका वर येऊन नाजूक जागी दाबतो. म्हणून हातानं दाबून "किती मऊ!" म्हणत घेतलेली सीट रस्त्यावर दगा देते. पाच-दहा मिनिटांच्या भाजी आणण्याला ती चालेल, तासाभराच्या फेरीला नाही.

तुम्ही म्हणाल, "पण माझ्या जुन्या लेडीज सायकलची स्प्रिंगची रुंद सीट तर छान होती!" होती ना, कारण तिच्यावर आपण ताठ बसायचो. रोड सायकलवर पुढे वाकून बसावं लागतं. वाकलं की कंबरेचा सांगाडा पुढे कलतो, भार हाडांच्या पुढच्या बाजूला सरकतो, आणि ती रुंद सीट मांड्यांना घासायला लागते. बैठक बदलली की सीटही बदलायला हवी.

पुठ्ठ्याचं माप

आता मापाकडे वळू. खर्च शून्य! मिक्सर किंवा टीव्हीच्या खोक्याचा, आत नागमोडी थर असलेला पुठ्ठा घ्या. तो लाकडी स्टुलावर किंवा जिन्याच्या पायरीवर ठेवा. पातळ सलवार घालून त्यावर बसा, टाचा थोड्या उचला आणि सायकलवर वाकतो तितकं पुढे वाका. दोन्ही हातांनी स्टूल धरून अर्धा मिनिट स्वतःला खाली दाबा. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतील. नीट दिसले नाहीत तर खडू आडवा धरून हलकेच फिरवा, खळगे कोरे राहतात. दोन्हींच्या मध्यावर पेनानं ठिपके काढा आणि पट्टीनं अंतर मोजा. एकदा मोजून थांबू नका, दोन-तीनदा करून बघा.

या अंतरात साधारण दोन सेंटिमीटर मिळवले की सीटची रुंदी आली. बरंच ताठ बसत असाल तर आणखी थोडी जास्त. रोड सायकलच्या सीटा साधारण 13 ते 17 सेंटिमीटर रुंदीच्या मिळतात, आणि चांगल्या कंपन्या एकच सीट दोन-तीन रुंदीत काढतात. रुंदी बहुधा मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते. 155 लिहिलं असेल तर ती साडेपंधरा सेंटिमीटरची.

माझं अंतर भरलं साडेतेरा सेंटिमीटर. लेक सुट्टीला आली तेव्हा तिलाही बसवलं, तर तिचं साडेअकरा! तिच्या सायकलची सीट होती 143 मिलिमीटरची. तिची हाडं त्या सीटवर नीट टेकत होती, माझी जेमतेम कडेवर. एका उंचीच्या मायलेकी, पण एकच सीट दोघींना चालेना, त्याचं कारण हे.

एक गैरसमज इथेच काढून टाकू या. या अंतराचा वजनाशी संबंध नाही. अंगानं भरलेल्या बाईची हाडं जवळजवळ असू शकतात आणि सडपातळ मुलीची लांब लांब. सरासरीनं बायकांचं अंतर पुरुषांपेक्षा थोडं जास्त असतं इतकंच. त्यामुळे "लेडीज" असं लिहिलेली कुठलीही सीट डोळे मिटून उचलू नका, आणि पुरुषांची म्हणून एखादी नाकारूही नका. माप जुळलं की झालं.

मधली फट

दुकानात काही सीटांना मध्ये लांबट फट किंवा खोलगट पन्हळ दिसेल. ती शोभेची नाही. नाजूक भागावरचा दाब कमी व्हावा म्हणून ती ठेवलेली असते. ही युक्ती नवीही नाही. 1890 च्या दशकात इंग्लंड-अमेरिकेत बायका मोठ्या संख्येनं सायकल चालवायला लागल्या, तेव्हाच मध्ये मोकळी जागा ठेवलेल्या "हायजिनिक" सीटा बाजारात आल्या होत्या. पुढे त्या मागे पडल्या. 1985 साली जॉर्जिना टेरी या अमेरिकन इंजिनिअर बाईंनी खास स्त्रियांच्या सायकलींची कंपनी काढली, आणि मधल्या फटीच्या बायकांच्या सीटा त्यांच्या नावानं ओळखल्या जाऊ लागल्या. म्हणजे हे दुखणं तुमचं-माझं एकटीचं नाही. शंभर वर्षांहून जुनं आहे ते!

मात्र ही फट प्रत्येकीला मानवतेच असं नाही. एखादीला तिच्या कडाच टोचतात. अशा वेळी फटीऐवजी पन्हळाची सीट बघावी. सीटचं नाक आखूड असलेलं बरं, वाकल्यावर ते कमी लागतं. गादी बोटानं दाबली तर किंचित दबावी, पण बोट रुतू नये.

सीट बदलायला सायकल बदलावी लागत नाही. बहुतेक सीटांच्या खाली दोन समांतर सळ्या असतात आणि त्या एकाच पद्धतीनं बसतात. किंमत दीड-दोन हजारांपासून सुरू होते आणि दहा हजारांच्या पुढेही जाते. महाग तितकी आरामशीर, असं मुळीच नाही. वरचे पैसे बहुतेक हलकेपणाचे असतात. घेण्यापूर्वी "नाही मानवली तर बदलून द्याल का?" एवढं जरूर विचारा. ओळखीतल्या कुणाची सीट दोन दिवस लावून बघता आली तर उत्तमच.

मी सीटचा विषय काढला तेव्हा आमच्याकडे "सीटला साडेतीन हजार?" असा प्रश्न आलाच. मी म्हटलं, "तुमच्या चष्म्याच्या फ्रेमला किती झाले होते?" पुढे काही बोलणं झालं नाही.

लावायची कशी?

चांगली सीटही चुकीची लावली तर छळते. तीन गोष्टी बघा.

पहिली, उंची. भिंतीला धरून सायकलवर बसा, पायडल अगदी खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. गुडघा सरळ झाला म्हणजे उंची बरोबर. पाय लांबवूनही टाच पोचत नसेल तर सीट उंच आहे. अशा वेळी कंबर डावी-उजवीकडे हलत राहते आणि कातडी सोलवटते. नवी सीट जुनीपेक्षा जाड किंवा पातळ असते, म्हणून बदलल्यावर उंची पुन्हा तपासायचीच.

दुसरी, कल. सुरुवातीला सीट अगदी सपाट ठेवा. गवंड्याची पाणपातळी किंवा मोबाइलमधली पातळी लावून बघता येते. नाक वर राहिलं तर ते दाबतंच. म्हणून काही जणी ते भरपूर खाली करतात, मग घसरून सगळा भार मनगटांवर येतो. लागलंच तर नाक अगदी किंचित खाली करावं.

तिसरी, हँडलचं अंतर. हँडल गाठायला ताणून वाकावं लागत असेल तर भार पुढेच जाणार, मग सीट कितीही चांगली असो. सायकल दुसऱ्या कुणाच्या मापाची असेल तर हे हटकून होतं. मेकॅनिककडून हँडल जवळ किंवा थोडं वर घेता येतं.

एका वेळी एकच बदल करा आणि आधीच्या जागी चिकटपट्टीची खूण ठेवा, म्हणजे कशानं बरं वाटलं ते कळतं.

कपडे आणि काळजी

जीन्सची किंवा सलवारीची मधली जाड शिवण हा मोठा शत्रू! सायकलसाठी पॅड लावलेली चड्डी मिळते. ती वरून सैल सलवार किंवा ट्रॅकपँट घालून वापरता येते, कुणाला कळतही नाही. मात्र तिच्या आत दुसरी चड्डी घालायची नसते, नाहीतर तिचीच शिवण घासते. घरी आल्यावर घामेजलेल्या कपड्यात चहा करत बसू नका. आधी कपडे बदला. पॅड रोज धुवून उन्हात वाळवा.

आता थोडं स्पष्ट बोलते. नव्या सीटवर पहिले आठ-पंधरा दिवस बैठकीची हाडं दुखली तर घाबरू नका, सवयीनं ते कमी होतं. पण बधिरपणा ही सवय करून घ्यायची गोष्ट नाही. मुंग्या आल्या की थांबा, उतरा. एरवीही दर दहा मिनिटांनी पायडलवर क्षणभर उभं राहावं. बधिरपणा उतरल्यावरही राहत असेल, सूज, गाठ किंवा लघवीला जळजळ होत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. पाळी गेल्यानंतर तिथली त्वचा पातळ आणि कोरडी होते, त्यामुळे पूर्वी चाललेली सीट अचानक टोचू लागते. यावर उपचार आहेत, लाजून गप्प बसू नका. बाळंतपणानंतर तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सीटवर बसूच नका.

माझं म्हणाल तर साडेपंधरा सेंटिमीटरची, मध्ये फट असलेली सीट लावून आता दीड वर्ष होईल. पंचे परत दोरीवर गेले. दर रविवारी पहाटे मी खडकवासल्याच्या धरणापर्यंत जाऊन येते.

आणि भिशीतली ती मैत्रीण? कप विसळून झाल्यावर मी तिला तशीच जिन्यात नेली, माळ्यावरचं खोकं फाडलं आणि पायरीवर बसवलं. बाकीच्या जणी "काय चाललंय?" म्हणत बाहेर आल्या. मग काय, एकेक करत सहा जणींची मापं झाली! प्रत्येकीच्या पुठ्ठ्यावर नाव घातलं. सगळीकडे हसण्याचा नुसता कल्लोळ. पण त्या हसण्यातच दोघींनी कबूल केलं, की त्यांनीही सायकल याच कारणासाठी विकली होती. कुणाला न सांगता.

तेव्हा मैत्रिणींनो, "वय झालं" म्हणण्याआधी घरातलं एखादं खोकं शोधा. माप घ्यायला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत.