दाखला न मागणारे दार

ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चारच सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये असलेल्या ह्या राज्यात मराठवाड्याच्या वाट्याला एकही आलेले नव्हते. त्यामुळे २०२२ साली राज्य मंत्रिमंडळाने जालन्यास ३६५ खाटांचे पाचवे रुग्णालय मंजूर केले, तेव्हा जिल्ह्यास समाधान वाटणे स्वाभाविक होते. तथापि ज्याला घर नाही आणि ज्याचे चित्तही थाऱ्यावर नाही, अशा मनुष्याच्या दृष्टीने खाट ही फार पुढची गोष्ट आहे. खाट मिळण्यापूर्वी आणि ती सुटल्यानंतर त्याने दिवसा बसावे कोठे, हा प्रश्न इमारतीच्या नकाशात सहसा उमटत नाही. वस्तुतः त्याचे सावरणे बव्हंशी त्यावरच अवलंबून असते.

मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारा लोहमार्ग शहरातून गेला असल्यामुळे आणि पोलादाच्या कारखान्यांपायी परप्रांतीय मजुरांची ये-जा अखंड असल्यामुळे, कोणत्या मुलखाचा आणि कोणत्या भाषेचा मनुष्य जालन्याच्या फलाटावर उतरेल ह्याचा नेम नाही. ऐन वैशाखात अंगावर एकावर एक चढविलेले तीन सदरे, जटा झालेले केस, खांद्याला प्लास्टिकच्या पिशव्यांचे गाठोडे आणि ओठांत चाललेले पुटपुटणे, अशा अवस्थेतला एखादा इसम आपण सर्वांनीच पाहिलेला असतो. त्यातले पुटपुटणे आजाराचे असेल. सदऱ्यांचा हिशेब निराळा आहे. ज्याला पेटी नाही आणि कुलूप नाही त्याची मालमत्ता अंगावरच राहावयाची, कारण रात्री उशाला ठेवलेली वस्तू सकाळी जागेवर असतेच असे नाही. गाढ झोप आणणारी गोळी तो पुष्कळदा ह्याच धास्तीने टाळतो, आणि केसपेपरावर त्याच्या नावापुढे ‘औषधे घेत नाही’ एवढाच शेरा पडतो.

इंग्रजी अमदानीतल्या १९१२ च्या कायद्याने भटकणाऱ्या वेड्यास पकडून मॅजिस्ट्रेटापुढे उभे करण्याचा अधिकार पोलीस अंमलदारास दिला होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने त्या अधिकाराचे कर्तव्य केले. त्याच्या शंभराव्या कलमान्वये, जो स्वतःची काळजी घेण्यास असमर्थ दिसतो अशा भटक्या मनोरुग्णास ठाणेप्रमुखाने आपल्या संरक्षणात घ्यावे, चोवीस तासांच्या आत नजीकच्या सरकारी दवाखान्यात न्यावे, कोठडीत मुळीच ठेवू नये, आणि तो बेघर असल्यास हरवलेल्या व्यक्तीची नोंद करून त्याच्या कुटुंबाचा शोध घ्यावा. दाखल करण्याची आवश्यकता नाही असा अभिप्राय डॉक्टरांनी दिला, तर अशा बेघरास सरकारी निवाऱ्यात पोहोचते करावे, असेही तेच कलम सांगते. उपचार विनामूल्य मिळण्याचा त्याचा हक्क अठराव्या कलमात आहे, आणि त्यासाठी दारिद्र्यरेषेचे कार्ड त्याच्या खिशात असण्याची अट नाही. निवाऱ्याचेही मोजमाप ठरलेले आहे: २०१३ पासूनच्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने एक लाख वस्तीमागे शंभर माणसांचा एक निवारा असे प्रमाण मुक्रर केले, आणि २०११ च्या खानेसुमारीत जालना शहराची वस्ती २,८५,५७७ भरली होती, म्हणजे दोन-तीन निवारे हिशेबाने येतात. कायद्यात उणीव फारशी नाही. पण निवारा ही प्रत्यक्षात बहुधा रात्रीची तजवीज ठरते, आणि हा मनुष्य भरकटतो तो दिवसा.

मग दिवसा उघडी असलेली, कोणी काही न विचारणारी जागा ह्या मुलखात आहे तरी कोठे? जाफराबाद ओलांडून बुलढाणा जिल्ह्यात शिरले की सैलानीबाबांचा दर्गा लागतो, आणि भोकरदन तालुक्यातच जयदेववाडीस महानुभावांचा जाळीचा देव आहे. ‘बाहेरची बाधा’ किंवा ‘करणी’ झाली असे ज्याच्याविषयी घरच्यांना वाटते, त्याला घेऊन हिंदू-मुसलमान दोघेही ह्या वाटा तुडवीत आलेले आहेत. होळीच्या सुमारास सैलानीस जत्रा भरते आणि नारळांची प्रचंड होळी पेटते. सुशिक्षितांनी ह्या साऱ्यास अंधश्रद्धा म्हणून मोकळे व्हावे हे सोपे आहे, आणि अंगारा-धुपाऱ्याने स्किझोफ्रेनिया हटत नाही हे तर निर्विवादच. परंतु तेथे आधारकार्ड मागत नाहीत, नातलग सोबत आहे काय असे पुसत नाहीत, पुढच्या सोमवारी या असे सांगत नाहीत. मंत्रापेक्षा ह्या मुक्तद्वारामुळेच माणसे तेथे थांबत असावीत, असे माझे मत आहे. ह्या औदार्याची काळी बाजूही विसरता येत नाही. २००१ च्या ऑगस्टात तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरातल्या एका खाजगी निवासाला आग लागली तेव्हा साखळदंडांनी जखडलेले २८ रुग्ण पळू न शकल्यामुळे मृत्युमुखी पडले. २०१७ च्या कायद्याने मनोरुग्णास कोणत्याही प्रकारे साखळीने बांधणे निषिद्ध ठरविले आहे. साखळी वगळून तेवढे उघडे दार सरकारदरबारी आणता येते की नाही, इतकाच खरा प्रश्न आहे.

येते, ह्याचे दाखले आहेत. न्यूयॉर्क येथे मनोरुग्णालयातून सुटलेल्या काही रुग्णांनीच एकत्र येऊन १९४८ साली फाउंटन हाऊस नावाचे घर थाटले. तेथे येणारा रुग्ण म्हणून येत नाही, सभासद म्हणून येतो आणि स्वयंपाकापासून दप्तरापर्यंतची कामे करतो. आपल्याकडे ठाण्याच्या आयपीएच संस्थेचे ‘त्रिदल’ ह्याच जातीचे. पण अशा केंद्रांत येणाऱ्यामागे बहुधा घर असते, त्याला पोहोचवावयास आई किंवा भाऊ असतो. बेघरांचे काम डॉ. भरत व डॉ. स्मिता वाटवानी ह्या दांपत्याने १९८८ पासून श्रद्धा संस्थेद्वारा आरंभिले. करवंटीने गटारातले पाणी पिणारा जो तरुण त्यांना प्रथम दिसला, तो उपचारांती पदवीधर आणि आंध्रातल्या एका जिल्हा परिषद अधिकाऱ्याचा मुलगा निघाला. कर्जतच्या केंद्रात रुग्णास आंघोळ, अन्न आणि औषध मिळते, मन ताळ्यावर येताच गावाचे नाव आठवते, आणि कार्यकर्ते त्याला रेल्वेने घरी नेऊन सोडतात. ह्या कार्यास २०१८ साली मॅगसेसे पारितोषिक लाभले. स्त्रियांचे दुःख आणखी निराळे, कारण रस्त्यावरची वेडी बाई बलात्कारापासून सुटत नाही. त्यांच्यासाठी नगरजवळ डॉ. राजेंद्र व डॉ. सुचेता धामणे ‘माउली’ चालवितात.

जालन्यास आरंभ करावयाचा तर तो स्टेशनापासून पायी जाता येईल अशा दोन खोल्यांपासूनही होईल. न्हाणीघर, आठवड्यातून दोनदा येणारा न्हावी, चहा आणि भाकरी, सदरे व कागदपत्रे ठेवण्यास कुलपाची फळी, आणि ठरल्या दिवशी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा डॉक्टर. रोजची गोळी ज्याला जमत नाही त्याला फ्लुफेनाझिनचे इंजेक्शन दोन ते चार आठवड्यांनी देता येते, आणि त्या तारखेस तो यावा ह्यासाठीच तर चहा. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २०१५ साली चौदा जिल्ह्यांत निघालेल्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात जालनाही होता, आणि खेड्यातल्या आशाताईंस कोणत्या घरात कोण मुके झाले आहे हे त्या निमित्ताने विचारावयास शिकविले गेले. त्यांना रुग्ण पाठविण्यास हा पत्ता उपयोगी पडेल. १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक भिंतीवर असावा, परंतु ज्याच्याजवळ फोन नाही त्याची भिस्त दारावरच राहणार.

हजेरीच्या वहीत नावाच्या रकान्यात तो जे सांगेल ते लिहून घ्यावे, मग तो स्वतःस राजा म्हणवो की रेल्वेचा साहेब. खरे नाव बहुधा काही आठवड्यांनी येते, कधी गावाच्या नदीचे नाव त्याआधी येते; ज्या दिवशी ते येईल त्या दिवशी ठाण्यातली हरवल्याची नोंद काढून पुढचा तपास सुरू करावा.